कपाटातल्या गोष्टी : खांद्यावरचं पांघरूण

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत मुलांची फॅन्सी ड्रेस स्पर्धा होती. आदल्या रात्री साडेनऊला शेजारची चिमुरडी दारात उभी. "काकू, मला उद्या राजकन्या व्हायचंय आणि आमच्याकडे तो मागे लोळणारा झगाच नाहीये!"

तिच्या आईला आणि मला मिळून पंधरा मिनिटं लागली. कपाटात घडी करून ठेवलेला जुना मखमली पडदा काढला, वरच्या काठाला चार चुण्या घातल्या, खांद्यावर दोन पिना लावल्या. राजकन्या तयार. तिचा धाकटा भाऊ हे सगळं बघत होता. त्याने न बोलता बाथरूममधून टॉवेल आणला, गळ्याभोवती बांधला आणि सोफ्यावरून उडी मारली. सुपरमॅन तयार.

तुमच्या घरीही हे कधी ना कधी घडलंच असेल. गंमत बघा, त्या मुलाला कुणी शिकवलं नव्हतं. खांद्यावरून एखादं कापड मागे सोडलं की माणूस कुणीतरी वेगळा होतो, हे त्याला आपोआप कळलं होतं.

तर आजची कपाटातली गोष्ट या कपड्याची. इंग्रजीत त्याला क्लोक म्हणतात, आखूड असला तर केप. आपल्याकडे त्याला नेमका असा एक शब्द नाही. कुणी झगा म्हणतं, कुणी डगला. पण झग्याला आणि डगल्याला बाह्या असतात. याला नसतात. खांद्यावरून सोडायचा, गळ्याशी अडकवायचा आणि चालू लागायचं. म्हणजे हे खरं तर अंगावर घेऊन फिरायचं पांघरूणच. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी आपण पुन्हा त्याच्यापाशी येणार आहोत.

ना शिंपी, ना मापं

हा कपडा इतका जुना का? कारण तो सगळ्यात सोपा आहे. मागावरून उतरलेलं चौकोनी कापड जसंच्या तसं अंगावर घेता येतं. कापायला नको, शिवायला नको. वडिलांचा मुलाला होतो आणि नवऱ्याचा बायकोला. दिवसा अंगावर घ्या, रात्री अंथरा किंवा पांघरा. पाऊस आला तर डोक्यावर ओढा. बाजारात काही विकत घेतलं तर त्यात बांधून आणा.

प्राचीन ग्रीसमध्ये घोडेस्वार आणि प्रवासी क्लामिस नावाचं असंच आखूड कापड वापरत. ते उजव्या खांद्यावर पिनेने अडकवत. उजव्याच का? कारण मग कापड डाव्या बाजूला पडतं आणि तलवारीचा उजवा हात मोकळा राहतो.

रोमन सैनिकाच्या जाड लोकरी पांघरुणाला सागुम म्हणत. ते सैनिकाचं इतकं ओळखीचं चिन्ह झालं की 'सागुम चढवणं' म्हणजे युद्धाला सज्ज होणं, असाच लॅटिनमध्ये अर्थ रूढ झाला. शांततेच्या काळातला कपडा म्हणजे टोगा. सेनापतीचं पांघरूण वेगळं असे. मोहिमेवर निघताना तो ते घाली आणि रोम शहरात परत शिरण्याआधी उतरवून ठेवी. शहरात नागरिक म्हणून यायचं, सेनापती म्हणून नाही, असा त्याचा संकेत होता.

हे कापड अडकवायला जी पिन वापरत तिला फिबुला म्हणत. तारेला पीळ देऊन केलेली स्प्रिंग आणि टोक अडकवायला खाच. वाचून काही आठवलं? अगदी बरोबर, आपली सेफ्टी पिन! अमेरिकेत वॉल्टर हंट यांनी तिचं पेटंट 1849 साली घेतलं. पण तिची पणजी त्याच्या कितीतरी शतकं आधी रोमन खांद्यांवर बसलेली होती.

एका रोमन सम्राटाला तर पांघरुणाचंच नाव चिकटलं. गॉल प्रांतात, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, टोपी जोडलेला एक झगा वापरत. त्याचं नाव काराकाला. या सम्राटाला तो इतका आवडला की त्याने तो स्वतः घातला आणि रोममध्ये रूढ केला. 212 साली साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व देणारा सम्राट तोच. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. इतिहासाने मात्र त्याला कपड्याच्या नावानेच लक्षात ठेवलं, सम्राट काराकाला.

पुढे 301 साली सम्राट डायोक्लेशियनने महागाई रोखण्यासाठी शेकडो वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले. त्या यादीत ब्रिटनमध्ये तयार होणाऱ्या टोपीवाल्या लोकरी पांघरुणाचाही भाव आहे. म्हणजे इंग्लंडच्या पावसात टिकणारा हा माल तेव्हाही साम्राज्यभर नावाजलेला होता.

लोकरीची करामत

तुम्ही म्हणाल, पावसात लोकर? भिजणार नाही का?

भिजते, पण सावकाश. मेंढीच्या लोकरीला नैसर्गिक तेलकटपणा असतो. ती फार धुतली नाही तर तो टिकतो आणि पाण्याचे थेंब वरच्यावर घरंगळतात. शिवाय लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के इतकी ओल आत घेऊनही हाताला कोरडा लागतो. त्यात कापड विणल्यावर ते ओलं करून तुडवलं किंवा कुटलं की धागे एकमेकांत गुंततात आणि वीण घट्ट होते. मग वारा आत शिरत नाही. आपल्या धनगर बांधवांची घोंगडी आणि आयर्लंडच्या मेंढपाळाचं पांघरूण, दोघांनी हीच गोष्ट आपापल्या डोंगरावर शोधून काढली.

अर्धा तुझा, अर्धा माझा

या कपड्याची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट चौथ्या शतकातली. मार्टिन नावाचा तरुण रोमन सैनिक आजच्या फ्रान्समधल्या आमियाँ शहराच्या वेशीपाशी आला. कडाक्याचा हिवाळा होता. वेशीत एक भिकारी उघड्या अंगाने कुडकुडत बसला होता. मार्टिनजवळ द्यायला काही उरलं नव्हतं. होती फक्त तलवार आणि अंगावरचं पांघरूण. त्याने तलवारीने पांघरुणाचे दोन भाग केले. एक भिकाऱ्याला दिला, उरलेला स्वतःच्या खांद्यावर टाकला. बघणारे काही जण त्याच्या त्या अर्ध्या कापडाला हसले, असं त्याचा चरित्रकार सांगतो. कथा पुढे म्हणते की त्या रात्री स्वप्नात त्याला येशू ख्रिस्त दिसले, आणि त्यांच्या अंगावर तोच अर्धा तुकडा होता.

हा मार्टिन पुढे तूर शहराचा बिशप झाला आणि युरोपातल्या सगळ्यात लाडक्या संतांपैकी एक ठरला. आजही 11 नोव्हेंबरला जर्मनीत लहान मुलं त्याच्या नावाने कागदी कंदील घेऊन मिरवणूक काढतात.

मला या गोष्टीत चमत्कारापेक्षा तो 'अर्धा' जास्त आवडतो. मार्टिनने सगळं पांघरूण देऊन टाकलं नाही. स्वतः गारठून मरायचं आणि पुण्य मिळवायचं, असा त्याचा हिशोब नव्हता. दोघांचीही थंडी निम्मी निम्मी झाली. रोज घर चालवणाऱ्या माणसाला हे दान जमण्यासारखं आहे, नाही का?

शब्दांच्या घडीत लपलेला झगा

मार्टिनचं ते कापड पुढे फ्रँक राजांनी मोठ्या भक्तीने जपलं. छोट्या पांघरुणाला लॅटिनमध्ये कापेला म्हणत. ते जिथे ठेवलं त्या जागेलाही कापेला म्हणू लागले. त्यातून आला इंग्रजी शब्द चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. ते सांभाळणारे धर्मगुरू झाले चॅपलेन. हल्ली वाद्यांशिवाय नुसत्या आवाजात गाणाऱ्या मुलांचे व्हिडिओ तुम्ही फोनवर बघता ना? त्या गाण्याला अ कापेला म्हणतात, म्हणजे 'चॅपलमध्ये गातात तसं'. एका सैनिकाच्या अर्ध्या पांघरुणाचा धागा तुमच्या मोबाइलपर्यंत पोचला आहे.

आणखी थोडे शब्द बघा. क्लोक हा शब्द लॅटिनमधल्या घंटेच्या शब्दावरून आला. खांद्यावरून खाली पसरत गेलेला झगा घंटेसारखा दिसतो म्हणून. त्याच घंटेवरून घड्याळाचा क्लॉक आला, कारण पूर्वीची घड्याळं टोले देत. म्हणजे क्लोक आणि क्लॉक ही सख्खी भावंडं.

एस्केप, म्हणजे निसटणं, हा शब्द तर डोळ्यासमोर चित्रच उभं करतो. त्याचं मूळ आहे 'केपमधून बाहेर'. पकडणाऱ्याच्या हातात झगा राहिला आणि माणूस पसार! आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजं जपानला पोचली तेव्हा त्यांच्या कापा या शब्दाचं जपानीत काप्पा झालं. जपानमध्ये रेनकोटला आजही हा शब्द वापरतात.

सरकार विरुद्ध पांघरूण

आता थोडी वेगळी बाजू. जो कपडा थंडीपासून झाकतो, तो चेहराही झाकतो आणि हातातली वस्तूही. म्हणून सत्तेला या कपड्याची भीती वाटत आली आहे.

आयर्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज अधिकारी आणि कवी एडमंड स्पेन्सर याने तिथल्या लोकांच्या लोकरी पांघरुणावर बंदी घालावी, असं आग्रहाने लिहिलं. कारण? बंडखोराला ते जंगलात घरासारखं आणि बिछान्यासारखं उपयोगी पडतं. गरिबाचा तोच तर उपयोग होता!

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लोक चौकड्यांचं एक लांबच लांब लोकरी कापड कमरेला पट्ट्याने बांधून वरचा भाग खांद्यावर घेत. त्यांचं बंड मोडून काढल्यावर ब्रिटिश संसदेने 1746 साली कायदा करून तो वेशच पुरुषांना बंद केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. राजाच्या सैन्यातल्या स्कॉटिश पलटणींना मात्र तोच वेश चालत असे. ही बंदी 1782 साली उठली.

पण सगळ्यात मोठा गोंधळ झाला स्पेनच्या माद्रिद शहरात. साल 1766. राजा तिसरा कार्लोस. त्याचा मंत्री एस्किलाचे मूळचा इटलीचा. त्याला राजधानी सुधारायची होती. रस्त्यांवर दिवे लावले, स्वच्छतेचे नियम केले. हे सगळं चांगलंच होतं. मग त्याची नजर लोकांच्या कपड्यांवर गेली. माद्रिदचे पुरुष पायापर्यंत लांब झगा आणि मोठ्या काठाची टोपी घालत. झग्याचं टोक तोंडावरून ओढून घेतलं की माणूस ओळखू येत नसे, आणि आत काय लपवलंय तेही कळत नसे. मार्चमध्ये हुकूम निघाला : लांब झगा बंद, मोठी टोपी बंद. आखूड केप आणि तीन कोनांची टोपी घाला, नाहीतर दंड किंवा तुरुंग.

23 मार्चला, ईस्टरच्या आधीच्या रविवारी, शहर पेटलं. लोकांनी मुद्दाम लांब झगे घालून रस्ते भरले. मंत्र्याच्या घरावर चाल केली, नवे दिवे फोडले. राजाला लोकांच्या मागण्या मान्य कराव्या लागल्या आणि तो रातोरात माद्रिद सोडून आरान्हुएझच्या वाड्यात गेला. एस्किलाचेला देश सोडावा लागला.

नुसत्या झग्यासाठी एवढं? खरं कारण पोटात होतं. पाव महाग झाला होता. धान्याच्या व्यापारावरची बंधनं उठवल्यावर पीक कमी आलं आणि भाव चढले. भुकेल्या माणसाला कुणीतरी येऊन सांगतं की तुझ्या अंगावरचा कपडाही माझ्या मर्जीचा हवा. तेव्हा त्याचा बांध फुटतो. लोकांच्या मागण्यांमध्ये कपड्यांइतकाच धान्याच्या भावाचाही मुद्दा होता.

पुढची गोष्ट गमतीची आहे. नंतर आलेल्या काउंट अरांदाने म्हणे नुसती एक युक्ती केली. लांब झगा आणि मोठी टोपी हा फाशी देणाऱ्या जल्लादाचा वेश ठरवला. मग कुणाला जल्लादासारखं दिसायला आवडणार? दंडाने जे झालं नाही ते लाजेने झालं, असं आजही सांगतात.

राजाने अंगावरून उतरवून दिलेला

हवाई बेटांवर राजे आणि सरदार पिसांचा झगा घालत. त्याचं नाव आहू उला. ओलोना नावाच्या झुडपाच्या धाग्याची बारीक जाळी विणायची आणि तिच्यावर लाल आणि पिवळी पिसं एकेक करून बांधायची. पिसं इतकी इवली की एका झग्याला लाखो लागत. पिवळी पिसं मामो आणि ओओ या पक्ष्यांची. हे दोन्ही पक्षी आज जगातून नाहीसे झाले आहेत. झगे मात्र संग्रहालयांत तसेच झळझळीत आहेत.

26 जानेवारी 1779 या दिवशी हवाईचा राजा कलानिओपू याने इंग्रज कप्तान जेम्स कुक याचं स्वागत करताना स्वतःच्या अंगावरचा असाच झगा उतरवून त्याच्या खांद्यांवर घातला. यापेक्षा मोठा मान त्या संस्कृतीत नव्हता. पण तीन आठवडेही गेले नाहीत तोच दोन्ही बाजूंत वितुष्ट आलं, झटापट झाली आणि 14 फेब्रुवारीला कुक मारला गेला. झगा त्याच्या जहाजांबरोबर इंग्लंडला गेला. तिथे तो अनेक हातांतून फिरला आणि 1912 साली न्यूझीलंडच्या संग्रहालयात पोचला. शेवटी 2016 साली, म्हणजे 237 वर्षांनी, तो हवाईला परत आला.

आपण सत्कारात खांद्यावर शाल घालतो ना, तीच ही भावना. 'माझी ऊब तुला.' फक्त आपली शाल दुकानातून पिशवीत येते. त्या राजाने अंगावरची दिली होती.

आपल्या खांद्यांवर

भारतात तर दर शे-दोनशे कोसांवर वेगळं पांघरूण सापडतं. काश्मीरचा सैल फेरन, ज्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन माणसं थंडी काढतात. नीलगिरीतल्या तोडा समाजाची पांढऱ्या जाड कापडावर लाल-काळ्या भरतकामाची पुथुकुळी. स्त्री-पुरुष दोघंही ती अंगाभोवती लपेटतात. तोडा भरतकामाला 2013 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मेघालयात शेतावर काम करणाऱ्या खासी बायका क्नुप नावाचं बांबू आणि पानांचं कवच पाठीवर घेतात. आपल्या कोकणात त्याचं भावंड म्हणजे इरलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात पानं. वाकून भाताची लावणी करताना पाऊस पाठीवर कोसळत राहतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. छत्रीला हे जमत नाही.

आणि देशावर घोंगडी. दख्खनी मेंढीच्या काळ्याभोर, राठ लोकरीची. पुरुष मेंढ्यांची लोकर कातरतात, बायका सूत काढतात, चिंचोक्याची खळ देऊन ताणा कडक करतात आणि खड्ड्याच्या मागावर ती विणली जाते. पाऊस आला की तिचीच खोळ करून डोक्यावरून पाठीवर सोडायची. म्हणजे बघा, टोपीवाला क्लोक आपल्याकडेही होताच! तो शिवलेला नव्हता, घडी घातलेला होता.

भाषेतही घोंगडी मुरलेली आहे. एखादं काम महिनोन्महिने रखडलं की आपण म्हणतो, भिजत घोंगडं पडलंय. आज ही म्हण घोंगडीच्याच बाबतीत खरी होते आहे. लोकरीपेक्षा मटणाला भाव जास्त, म्हणून मेंढपाळ लोकर कमी आणि मांस जास्त देणाऱ्या जातींकडे वळले. राठ लोकर घ्यायला गिऱ्हाईक नाही, त्यामुळे कातरलेली लोकर अनेकदा फेकून द्यावी लागते. विणणारे हात म्हातारे होत आहेत. तुम्हाला जत्रेत किंवा प्रदर्शनात हातमागाची खरी घोंगडी दिसली तर एकदा हातात घेऊन बघा. सुरुवातीला टोचते, पण मग सवय होते.

मग हा झगा गेला कुठे?

बाह्यांचा कोट स्वस्त झाला. 1823 साली चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी रबराचा थर दिलेल्या कापडाचं पेटंट घेतलं आणि पुढे रेनकोट आला. गर्दीची वाहनं, यंत्रं आणि सायकली आल्या. त्यात लोंबणारं कापड अडकायची भीती. झगा मागे पडला.

पण संपला नाही. पदवीदान समारंभातला गाऊन आणि पाठीवरचं रंगीत हूड बघा. ती मध्ययुगातल्या धर्मगुरूंच्या टोपीवाल्या झग्याची आठवण आहे. त्या वेळी ती थंड दगडी इमारतीत ऊब द्यायची, आता मे महिन्यात घाम काढते! म्हणून तर आपल्याकडे अनेक संस्थांनी गाऊन सोडून उपरणं किंवा अंगवस्त्र स्वीकारलं आहे. परीकथेतली लाल टोपीवाली मुलगी, चित्रांमधला शेरलॉक होम्स, आकाशात उडणारे सुपरहिरो, सगळ्यांनी हा झगा जिवंत ठेवला आहे.

शेवटी, तो शब्द

सुरुवातीला मी तुम्हाला पांघरूण हा शब्द लक्षात ठेवायला सांगितला होता.

चार वर्षांपूर्वी माझे बाबा आजारी होते. एका संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हा भावंडांना खोलीबाहेर बोलावलं आणि म्हणाले, "आता पॅलिएटिव्ह केअरचा विचार करूया." दादाचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्ही हात टेकले," तो म्हणाला. घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही. मलाही तसंच वाटत होतं. बाबांना आपण सोडून देतोय, असं.

रात्री झोप येईना म्हणून मी फोनवर तो शब्द शोधला. लॅटिनमध्ये पालियुम म्हणजे अंगावर घ्यायचा झगा. पालियारे म्हणजे झग्याने झाकणं. पॅलिएटिव्ह म्हणजे पांघरूण घालणारं. इंग्रजीत तो शब्द पूर्वी दोष झाकण्यासाठीही वापरत. अगदी आपल्यासारखंच. आपणही म्हणतो ना, पोराच्या चुकांवर आई पांघरूण घालते. लपवणं आणि जपणं, दोन्ही एकाच कापडाने.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नीट समजावलं. या सेवेचा अर्थ उपचार थांबवणं नाही. आजार बरा होवो न होवो, दुखणं, धाप, मळमळ, भीती कमी करायची, माणसाला आणि घरच्यांना आधार द्यायचा. मोठ्या आजारात ती सुरुवातीपासून, इतर उपचारांच्या जोडीनेही घेता येते. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबायची गरज नसते. बाबांना ती मिळाली तेव्हा कित्येक आठवड्यांनी ते रात्रभर शांत झोपले. पुढचे दोन महिने ते घरीच होते. त्यांच्या पायांवर गावाकडची त्यांची काळी घोंगडी होती. नर्सताई म्हणायच्या, "टोचत नाही का हो, काका?" बाबा म्हणायचे, "टोचते म्हणून तर कळतं, आहे अंगावर."

ते गेले. पण तडफडत गेले नाहीत. तुमच्या घरात कधी डॉक्टर हा शब्द उच्चारतील, तेव्हा घाबरून दार लावून घेऊ नका. आधी विचारा, "यात काय काय मिळतं?" एवढंच सांगायचं होतं.

जाता जाता : घरच्या घरी झगा

मुलांसाठी करायचा असेल तर जुनी ओढणी, पडदा किंवा चादर घ्या. वरच्या काठाला चुण्या घालून पट्टी शिवा. पण एक गोष्ट कटाक्षाने पाळा : गळ्याशी नाडीची गाठ नको. खेळताना कापड कुठे अडकलं तर गळ्याला फास बसू शकतो. खांद्यांवर वेल्क्रोचे दोन तुकडे लावा, ओढ बसली की ते सुटतात. झगा पोटरीपर्यंतच ठेवा, पायात येणार नाही. घसरगुंडीवर आणि सायकलवर झगा काढूनच पाठवा.

घोंगडी किंवा लोकरी शाल असेल तर ती सारखी धुऊ नका. उन्हाची तिरीप द्या, झटका, कडुनिंबाची वाळलेली पानं घालून कोरड्या जागी ठेवा.

आणि हो, थंडी सुरू होते आहे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात सत्कारात मिळालेल्या, कुणी न वापरलेल्या चार शाली असतीलच. मार्टिनने तलवार काढली होती. आपल्याला फक्त स्टूलवर चढायचं आहे.

पुढच्या महिन्यात कपाटातली आणखी एक गोष्ट घेऊन येईन. तोवर ऊब जपा.